पुस्तक उघडतं, पण टॉकबॅक गप्प: खोट नेमकी कुठं शोधायची?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आप्पा निवृत्त शिक्षक, तासगावला मराठी शिकवायचे. काचबिंदूनं नजर गेली. फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी अँड्रॉइडची सोय, लावून दिलाय. फोन घेणं-लावणं, व्हॉट्सॲप ऐकणं त्यांना जमतं, पण ई-पुस्तकाचं काही जमेना. एका ॲपमध्ये विकत घेतलेली कादंबरी उघडते, पण टॉकबॅक 'पान १' एवढंच म्हणतो आणि थांबतो. दुसऱ्या ॲपमध्ये वाचतो, पण दोन-चार वाक्यं झाली की बंद. शिवाय मराठी हिंदीसारखं वाचतो. ॲप काढून परत टाकून बघितलं. आता फोन रिसेट करावा म्हणते."

ताई, आधी रिसेटचा विचार सोडा. रिसेट केला की टॉकबॅक बंद असलेला कोरा फोन हातात येईल, आप्पांनी सवयीनं बसवलेलं सगळं जाईल आणि कादंबरी तरीही 'पान १' म्हणूनच थांबेल. ॲप काढून परत टाकणंही यापुढं शेवटचा उपाय म्हणून ठेवा. त्यात उतरवलेली पुस्तकं जातात, खुणा जाऊ शकतात आणि लॉगिन, ओटीपी, कॅप्चाची कटकट नव्यानं सुरू होते. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. एका औषधानं तिन्ही बऱ्या होणार नाहीत.

मी स्वतः फोनवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए हा तसाच स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरतो, सांगली-मिरजेत दृष्टिहीनांना तेच शिकवतो. माझ्याकडं येणारे बहुतेक जण टॉकबॅकच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवून आलेले असतात. खोट तिथं क्वचित सापडते. टॉकबॅक स्वतः पुस्तक वाचत नाही. ॲप त्याच्या हातात जो मजकूर देतं तो घेऊन तो टीटीएस इंजिनाकडं, म्हणजे बोलणाऱ्या यंत्रणेकडं सरकवतो. म्हणजे फाइल, ॲप, टॉकबॅक आणि आवाज अशी चार जणांची रांग आहे. तपास फाइलपासून सुरू करायचा. फाइलमध्येच अक्षरं नसतील तर पुढचे तिघं काही करू शकत नाहीत.

आता 'पान १' वाली कादंबरी. पुस्तक उघडा, पुस्तकाच्या आत शोधायचं भिंग असतं तिथं जा (दुकानात शोधायचं भिंग वेगळं, त्यात गल्लत करू नका) आणि देवनागरीत 'आणि' असं टाइप करा. मराठी कादंबरीत 'आणि' सापडत नाही असं होत नाही. शंभर ठिकाणं सापडली तर फाइल चांगली आहे, दोष ॲपचा. एकही सापडलं नाही तर दोन शक्यता राहतात: पान म्हणजे नुसता फोटो आहे, किंवा अक्षरं जुन्या फॉन्टमधली आहेत. शोधाची सोयच नसेल तर तुम्ही डोळस आहात म्हणून दुसरी चाचणी करा. टॉकबॅक थोडा वेळ बंद करून एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. तेवढाच शब्द निवडला गेला तर मजकूर आहे. काहीच झालं नाही तर फोटो असण्याची शक्यता जास्त. फक्त काही ॲपांनी निवडणं मुद्दाम बंद केलेलं असतं, म्हणून मी 'आणि'वर जास्त भरवसा ठेवतो.

फोटोचं कारण साधं आहे. जुनी पुस्तकं स्कॅन करून तशीच पीडीएफ केलेली असतात. तुम्हाला त्यात अक्षरं दिसतात. टॉकबॅकच्या दृष्टीनं ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं एक चित्र असतं, त्यामुळं त्याच्याजवळ सांगायला पानाच्या आकड्यापलीकडं काही नसतं. कधी मजकूर अस्सल असतो, पण ॲपवाल्यांनी चोरीच्या धास्तीनं तो पडद्यावर चित्रासारखा रंगवलेला असतो. अशी ॲपं बहुधा स्क्रीनशॉटही घेऊ देत नाहीत, म्हणजे पडद्यावरचं चित्र ओळखून वाचणाऱ्या साधनांनाही काळा चौकोनच मिळतो. इथं आप्पांच्या बोटांची काही चूक नाही आणि तुमच्या सेटिंगचीही नाही.

जुन्या फॉन्टचा प्रकार मराठीत फार आहे, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो. युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) रुळायच्या आधी आपल्याकडचं डीटीपी, म्हणजे संगणकावरची छपाईची जुळणी, अशा फॉन्टवर चालायचं, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे आकार बसवलेले असत. कृतिदेव फॉन्टमध्ये 'भारत' टाइप केलेली फाइल घ्या. डोळ्याला 'भारत' दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं आहेत एच, के, के, जे, आर. टॉकबॅक आतलं वाचतो. त्यामुळं अख्खं पान इंग्रजी अक्षरांच्या खडखडाटासारखं ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, "टॉकबॅक बिघडला." ओळखायची रीत: तीन बोटांनी वर किंवा खाली स्वाइप करून रीडिंग कंट्रोल (एका स्वाइपला किती पुढं सरकायचं ते ठरवणारी सोय) 'कॅरेक्टर्स'वर आणा, मग एका बोटानं खाली स्वाइप करत एकेक अक्षर ऐका. मराठी शब्दावर इंग्रजी अक्षरं ऐकू आली की समजा जुना फॉन्ट. सरकारी परिपत्रकं, संस्थांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांच्या जुन्या पीडीएफ यांत हे हमखास भेटतं. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, फक्त मूळ फॉन्ट कोणता ते कळायला हवं. संगणकावर पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची नावं दिसतात.

तिसराही एक चावट प्रकार आहे. पीडीएफ युनिकोडची असते, तरी वेलांट्या जागा सोडतात. 'किती'मधली पहिली वेलांटी क-च्या आधी येऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, आणि आवाज प्रत्येक शब्दाला अडखळतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मराठी वाचनासाठी ईपब (ई-पुस्तकाच्या फाइलचा एक प्रकार) मिळत असेल तर पीडीएफच्या नादी लागू नका. ईपबमध्ये वेबपानासारखा सरळ मजकूर असतो, प्रकरणांची शीर्षकं असतात, वेलांट्या जागेवर असतात.

मग त्या कादंबरीचं करायचं काय? विकत घेतलेली फाइल ॲपच्या कुलपात असते, ती फोडायच्या फंदात पडू नका. विकणाऱ्याला लिहा: फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची, टॉकबॅकची आणि ॲपची आवृत्ती, पुस्तकाचं नाव, काय केलं की काय ऐकू येतं. सोबत अर्ध्या मिनिटाचं स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा, तेही घेता येत नसेल तर दुसऱ्या फोननं चित्रण करा. "ॲप चालत नाही" एवढंच लिहिलं तर "रिइन्स्टॉल करा" असं उत्तर येतं. पैसे परत मागा किंवा ईपब मागा. प्रकाशक छोटा असेल तर थेट फोन करा. त्यांच्या संगणकावर युनिकोड मजकूर असतो आणि वाचक दृष्टिहीन आहे म्हटल्यावर काही जण आपुलकीनं देतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ मध्ये छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम स्वरूपात मिळावा यासाठी सरकारनं पावलं उचलावीत असं म्हटलेलं आहे. पत्रात त्याचा उल्लेख जरूर करा, पण कलम वाचून कोणी दुसऱ्या दिवशी ॲप सुधारेल अशी आशा ठेवू नका.

आता दुसरी तक्रार, दोन-चार वाक्यांनंतर थांबण्याची. मी विचारतो त्याचं उत्तर मला जवळजवळ ठाऊक आहे: त्या ॲपमध्ये अक्षरं खूप मोठी केलेली आहेत ना? काचबिंदूत नजर हळूहळू जाते. माणूस आधी अक्षरं मोठी करतो, मग आणखी मोठी, आणि शेवटी टॉकबॅकवर येतो. पण ॲपमधला अक्षरांचा आकार तिथंच राहतो. त्या आकारात एका पानावर दोन-चार वाक्यंच मावतात. टॉकबॅक पान संपवतो आणि थांबतो. आप्पांना वाटतं वाचन बंद पडलं, प्रत्यक्षात फक्त पान संपलेलं असतं. 'डिस्प्ले' किंवा 'एए' अशा बटणात जा, अक्षरांचा आकार सगळ्यात लहान करा, समासही कमी करा. आता पान भरगच्च होईल आणि थांबे एकदम कमी होतील. ऐकून वाचणाऱ्याला बारीक अक्षरांचा काही त्रास नाही, हे घरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही.

तरीही पानाच्या शेवटी थांबणं पूर्ण जाणार नाही. चांगलं ॲप टॉकबॅकनं मागितलं की पुढचं पान आणून देतं, वाचन चालू राहतं. ज्या ॲपला हे येत नाही तिथं दोन बोटांनी उजवीकडून डावीकडं सरकवा. पान उलटतं, पण टॉकबॅकचं लक्ष कधी कधी वरच्या पट्टीतल्या एखाद्या बटणावर जाऊन बसतं. मग पानाच्या वरच्या भागावर बोट ठेवा, मजकूर ऐकू आला की तीन बोटांनी एकदा टॅप करून टॉकबॅकचा मेनू उघडा आणि तिथून पुढचं सलग वाचायला सांगा. इंग्रजी मेनूत त्याला 'रीड फ्रॉम नेक्स्ट आयटम' म्हणतात. थांबवायला आणि परत सुरू करायला दोन बोटांनी एक टॅप. ॲपमध्ये पानांऐवजी सलग सरकवण्याची सोय, म्हणजे 'स्क्रोल', असेल तर ती चालू करून बघा. पान उलटण्याचं ॲनिमेशन असेल तर बंद करा.

अजून एक जागा, जिथं नवशिके हमखास अडकतात. बऱ्याच ॲपांत पानावर डबल टॅप झाला की वर-खाली बटणांच्या पट्ट्या उघडतात आणि मजकूर त्यांच्यामागं जातो. मग कितीही स्वाइप करा, 'बुकमार्क, सर्च, मोअर ऑप्शन्स' एवढंच ऐकू येतं. पडद्याच्या मधोमध परत डबल टॅप केला किंवा एकदा मागं गेलं की पट्ट्या जातात. आप्पांना एवढं एक नीट समजावून द्या, निम्मी चिडचिड कमी होईल.

टॉकबॅकनं वाचताना पॉवर बटण दाबलं की वाचन थांबतं, म्हणून आमराईत बाकावर बसून निवांत कादंबरी ऐकायची असेल तर टॉकबॅकपेक्षा ॲपचं स्वतःचं मोठ्यानं वाचणं बरं. गूगल प्ले बुक्समध्ये 'रीड अलाउड' आहे. कुलूप नसलेल्या ईपब फाइलींसाठी 'ॲट व्हॉइस अलाउड रीडर' किंवा 'ईझी रीडर' चांगली. फोन खिशात, पडदा बंद, वाचन चालू. काही फोन बॅटरी वाचवायला मागं चाललेलं ॲप मारून टाकतात आणि वाचन पाच-दहा मिनिटांनी तुटतं. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचं बंधन काढा. मात्र ॲपचं वाचन चालू असताना टॉकबॅकची सलग वाचनाची आज्ञा देऊ नका, दोघं एकदम बोलायला लागतात. आणि आप्पांना एखाद्या शब्दाचं शुद्धलेखन तपासायचं असेल, मराठीच्या मास्तरांना ती खोड असणारच, तर तिथं टॉकबॅकच हवा. अक्षर-अक्षर तोच ऐकवतो.

राहिलं हिंदीसारखं वाचणं. कानावर न जाता चाचणी घ्या. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर '२५ बाळं' असा संदेश पाठवा आणि टॉकबॅकनं ऐका. 'पंचवीस' आलं तर मराठी आवाज चालू आहे, 'पच्चीस' आलं तर हिंदी. आणि 'ळ'चा उच्चार नीट झाला की नाही तेही त्यातच कळतं. दोन्ही भाषांची लिपी एकच, त्यामुळं हिंदी आवाजाला मराठी मजकूर मिळाला तरी तो काही तक्रार न करता वाचून टाकतो. म्हणूनच ही गफलत महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

दुरुस्ती अशी. सेटिंग्जमध्ये 'टेक्स्ट टू स्पीच' असं शोधा, कारण प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ते वेगळ्या कप्प्यात असतं. इंजिन म्हणून गूगलचं निवडा (जुनं नाव 'स्पीच सर्व्हिसेस बाय गूगल', आता 'स्पीच रेकग्निशन अँड सिंथेसिस'). काही फोनमध्ये कंपनीचं स्वतःचं इंजिन आधीपासून निवडलेलं असतं. गूगलच्या इंजिनाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'इन्स्टॉल व्हॉइस डेटा'तून मराठीचा आवाज उतरवून घ्या. उतरवणं महत्त्वाचं. जत, आटपाडीकडं गावी गेल्यावर रेंज गेली आणि आवाज अडखळायला लागला, अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो. मग भाषा मराठी करा. आप्पांना इंग्रजीही लागत असेल तर दोन्ही आवाज ठेवा, रीडिंग कंट्रोलमध्ये 'स्पोकन लँग्वेज' येतं, तिथून हवी तेव्हा भाषा बदलता येते.

एवढं करून फोनवर सगळीकडं 'पंचवीस' येतं, पण एका ठरावीक पुस्तकातच आवाज बदलतो, असं झालं तर पुस्तकाच्या फाइलवरची भाषेची चिठ्ठी चुकलेली आहे. ईपबमध्ये भाषा नोंदवायची जागा असते. बनवणाऱ्यानं ती न बदलता इंग्रजी तशीच ठेवली की काही ॲपं मराठी मजकूर इंग्रजी आवाजाला देतात, आणि तो एक तर गप्प बसतो किंवा भलतंच बोलतो. ॲपच्या वाचनाच्या सेटिंगमध्ये आवाज हातानं मराठी निवडा. फाइल तुमची स्वतःची असेल तर संगणकावर कॅलिबर या ई-पुस्तकं हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये भाषा 'मराठी' करून जतन करा. एनव्हीडीएवर हाच त्रास असेल तर बोलण्याच्या सेटिंगमधलं भाषा आपोआप बदलणं बंद करा. घरात कोणाकडं आयफोन असेल तर त्यात आयओएस १६ पासून मराठी आवाज आहे. व्हॉइसओव्हरच्या (आयफोनमधला टॉकबॅकसारखा वाचक) 'स्पीच'मध्ये भाषा जोडायची, मग रोटरमधून, म्हणजे तिथल्या रीडिंग कंट्रोलमधून, निवडता येते. तिथं दोन बोटांनी खाली स्वाइप केलं की सलग वाचन आणि तीन बोटांनी पान उलटणं, हे टॉकबॅकपेक्षा सुटसुटीत आहे. पण तेवढ्यासाठी आप्पांना नवा फोन घेऊ नका. शिकलेली बोटं बदलणं अवघड जातं.

किरकोळ दोन गोष्टी. 'अनलेबल्ड बटण' असं ऐकू येत असेल तर टॉकबॅकच्या मेनूतून त्या बटणाला तुम्ही स्वतः मराठीत नाव देऊ शकता. आणि काल चालणारं ॲप आज अचानक गप्प झालं तर प्ले स्टोअरवर ॲपसोबत 'अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू' आणि 'अँड्रॉइड ॲक्सेसिबिलिटी सूट' ही दोन्ही अपडेट करा. बरीच वाचन ॲपं पान दाखवायला वेबव्ह्यूच वापरतात. कॅशे (ॲपच्या तात्पुरत्या फाइली) पुसली तरी चालेल, 'क्लिअर डेटा' दाबू नका.

पुढचं पुस्तक घेताना मात्र आधी नमुना उतरवा आणि त्यातच 'आणि' शोधून बघा. किंडलच्या दुकानात पुस्तकाच्या तपशिलात 'स्क्रीन रीडर' सपोर्टेड आहे का ते लिहिलेलं असतं. प्ले बुक्समध्ये 'फ्लोइंग टेक्स्ट' हवं, नुसतं 'ओरिजिनल पेजेस' असेल तर ते पानांचे फोटो समजा आणि सोडून द्या. आप्पांकडं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सुगम्य पुस्तकालयाचं सदस्यत्व घ्या. २०१६ साली सुरू झालेलं हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे, तिथली पुस्तकं स्क्रीन रीडरवर चालावीत म्हणूनच तयार केलेली असतात. प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर ते काम आधी हातात घ्या.

आणि घरातल्या कपाटात आप्पांची छापील पुस्तकं असतीलच. ती स्कॅन करून त्यांच्यासाठी वाचण्याजोगी करायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनं, कलम ५२(१)(झेडबी) खाली, दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून पुस्तकाची सुगम प्रत करायला आणि तिला वैयक्तिक वापरासाठी द्यायला मुभा आहे. झालेली फाइल सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची मुभा त्यात नाही, एवढं लक्षात असू द्या. एकेका पानाचे फोटो सरळ उजेडात, पान सपाट करून घ्या, गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'ओपन विथ'मधून गूगल डॉक्समध्ये उघडा. फोटोखाली मजकूर तयार होऊन येतो. फाइल २ एमबीच्या आत ठेवलेली बरी. छपाई स्वच्छ असेल तर मराठी चांगलं ओळखतं. २०१९ च्या महापुरात भिजून वाळलेली, पानं लाटा आलेली पुस्तकं आजही अनेक घरांत आहेत, त्यांच्यावर मात्र फार घाम गाळू नका. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म', अनुस्वार गायब आणि 'वाऱ्या'तला अर्धा र भलतीकडं, असा निकाल येतो. अशा पुस्तकाची नवी प्रत वाचनालयातून आणून तीच स्कॅन करणं कमी कष्टाचं.

मजकूर निघाला की प्रत्येक पानाच्या डोक्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा पुसून टाका, नाहीतर दर दोन मिनिटांनी वाक्याच्या मध्येच पुस्तकाचं नाव ऐकू येतं. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द जोडा. प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग' द्या, मग आप्पांना रीडिंग कंट्रोल 'हेडिंग्ज'वर ठेवून एका स्वाइपमध्ये पुढच्या प्रकरणावर जाता येईल. शेवटी डॉक्समधूनच ईपब म्हणून उतरवून घ्या, तशी सोय संगणकावरच्या 'फाइल' मेनूत 'डाउनलोड'खाली आहे. एवढं करून कुठं अडलं तर 'आणि'च्या शोधात काय आलं आणि '२५' कसं वाचलं, या दोन गोष्टी आधी कळवा. फोनचं मॉडेल नंतर विचारीन.